दोन मुठी काटक्यांचं पिठलं

अक्कांना भेटायला जायचं म्हणजे आधी दारात झडती द्यावी लागायची. दार उघडायचे दाजी. 'या' म्हणायच्या आधी ते विचारायचे, "काडेपेटी हाय? लायटर?" नाही म्हटलं तरी त्यांची नजर आपल्या खिशांवरून एकदा फिरायचीच. आमच्या डोंगर हिंडणाऱ्या ग्रुपमधला महाडिक सिगारेट ओढतो हे त्यांना ठाऊक होतं, त्यामुळे त्याला ते सरळ खिसे उलटे करायला लावायचे. त्यांचा फ्लॅट कळंब्याला, दुसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघराच्या गॅलरीतून जेलची भिंत दिसते. आतून अक्का ओरडायच्या, म्हणजे ओरडायला जायच्या आणि आवाज अर्ध्यातच संपायचा, "सोडा की त्येला आत. पल्याडच्या जेलात बी एवढं तपासत न्हाईत."

अक्का जाऊन आता वर्ष होत आलं. मी त्यांच्या वरच्याच मजल्यावर राहतो, त्यामुळे जिना उतरताना त्यांच्या दारापाशी आलं की अजूनही हात आपोआप खिशाकडे जातो.

त्या मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेल्या. माहेर नेसरीकडचं, कानडी मुलखाजवळचं, म्हणून ताई नव्हे, अक्का. आणि अक्कांचे यजमान ते आमचे दाजी, एवढं सोपं नातं. अंगानं काटक, केस बारीक कापलेले, पायात बारा महिने कॅनव्हासचे बूट. आमच्याकडच्या खेड्यातल्या बायकांसारखं त्या स्वतःबद्दल 'मी येतो, मी जातो' असंच बोलायच्या, आणि बाकीच्या सगळ्यांना हजेरी घेतल्यासारखं आडनावानं हाक मारायच्या. मी शिंदे. माझी बायकोही शिंदे. दोघं बरोबर असलो तर आम्हीच ठरवायचं कुणी ओ द्यायची ते.

निवृत्तीनंतर त्यांनी आम्हा दहाबारा जणांना गोळा करून डोंगर हिंडायला लावलं. त्या ग्रुपला नाव नव्हतं, टी-शर्ट नव्हते. एक नियम मात्र होता. ज्यानं त्यानं आपली चूल आपण वाहायची.

चूल म्हणजे दोन डबे. मोठा डबा दूध पावडरचा, त्यात बसणारा छोटा कसलाही. दोन्हींना खालच्या अंगाला खिळ्यानं भोकं पाडायची, आतल्या डब्याला वरच्या कडेलाही एक ओळ. आत बोटाएवढ्या काटक्या उभ्या रचायच्या आणि पेटवायच्या वरून, खालून नव्हे. मग जाळ हळूहळू खाली उतरतो, आणि धूर बाहेर पडायच्या आधीच वरच्या भोकांतून आलेल्या गरम हवेत जळून जातो. नीट जमलं तर डब्यातून फक्त निळसर जाळ दिसतो. जमलं नाही तर सगळा डोंगर खोकतो. "धूर म्हंजे जळायचं ऱ्हायलेलं लाकूड," अक्का म्हणायच्या. "धूर काढणारा मानूस आळशी. त्येला पंगतीला शेवटी बसवायचा."

स्वयंपाकाचं त्यांचं माप मुठीचं होतं. मूठ तांदळाची नव्हे, काटक्यांची. एका मुठीत चहा. दोन मुठींत पिठलं. भाताला तीन मुठी, पण वारा असेल तर तो बेत रद्द. निघायच्या आदल्या दिवशी "काय काय घेऊ?" असा फोन केला की त्या विचारायच्या, "किती मुठी जाळनारैस?" पिठलंही त्यांनी मुठीत बसवलेलं होतं. बेसन घरीच खमंग भाजून त्यात घरची कांदा-लसणाची चटणी, जिरं, मीठ, सुकवलेली कोथिंबीर असं सगळं कालवून पुड्या बांधायच्या. वर उकळत्या पाण्यात पुडी सोडायची आणि ढवळत राहायचं. दुसरी मूठ संपेस्तोवर पिठलं झालंच पाहिजे. नाही झालं तर तुमचं ढवळणं चुकलं, चूल नाही.

काटक्यांची पारख कानानं. काटकी कानापाशी धरायची आणि मोडायची. "वाजली तर घे, न्हाय वाजली तर टाक." कळंबा तलावाच्या कडेनं सकाळी फिरायला गेल्या की काटक्या मोडत मोडत चालायच्या. पर्समध्ये मोबाईल, रुमाल आणि बाभळीच्या काटक्यांची जुडी. एकदा एका लग्नात त्यांनी आहेराचं पाकीट काढायला पर्स उघडली आणि सगळा ढीग नवरीच्या ओटीत पडला. नवरीकडच्यांना वाटलं हा नेसरीकडचा काही रिवाज असेल. त्यांनी त्या काटक्या साडीसकट नीट बांधून नेल्या.

महाडिक नवा आला तेव्हाची गोष्ट. तो गाड्यांच्या शोरूममध्ये कामाला. त्यानं ऑनलाइन एक परदेशी चूल मागवली होती, घडी केली की खिशात मावणारी, पिसासारखी हलकी. सोबत जळणाच्या पांढऱ्या वड्या. वजन वाचवायचं म्हणून त्यानं टूथब्रशची दांडी कापली होती, टॉवेलही अर्धा केला होता. सामानगडावर बसलो आणि यानं सॅक उघडून त्यातून स्टीलचा कडीचा डबा काढला. डब्यात तांबडा रस्सा, मटणासकट. मग काचेच्या बरणीत चटणी. मग एक अख्खा नारळ. नारळ कशाला, हे त्याला स्वतःलाही सांगता येईना. आईनं दिला म्हणाला.

त्या वड्या पेटल्या पण वास असा सुटला की शेजारी बसवेना. पाकीट संपलं तरी रस्सा कोमटच. अक्का बाजूला मांडी घालून बघत होत्या. वड्या विझल्या तेव्हा म्हणाल्या, "चूल हलकी आनलीस महाडिक, पर जीभ घरात ठेवायची ऱ्हायली की." मग आपल्या डब्यावर पिठलं करून त्याला पहिलं वाढलं, आणि रस्साही परत तापवला. त्याला पाच मुठी लागल्या आणि त्या सगळ्या महाडिकनं गोळा केल्या. नारळ मात्र त्यालाच परत खाली न्यायला लावला.

कुठं पेटवायचं आणि कुठं नाही याबाबतीत त्या कडक होत्या. अभयारण्यात काडी ओढायची नाही, तिथं कोरडी भाकरी आणि खर्डा. वाळलेल्या गवतावर नाही. वारा फिरला तर अर्धवट शिजलेलं तसंच खायचं. एकदा मी कच्चा भात खाल्लेला आहे.

चंदगडच्या बाजूला एकदा आम्ही पावसात सापडलो. ओढ्याला पाणी चढलं, पुढं जाता येईना, मागं फिरता येईना. एका देवळाच्या ओसरीत आम्ही सातजण दाटीवाटीनं बसलो. दुपार झाली, संध्याकाळ झाली, पाऊस आपला चालूच. मोबाईलला रेंज नाही. देसाईबाई म्हणून एक होत्या, त्यांची मुलगी घरी एकटी; त्या रडायला लागल्या. महाडिक आणि मी कुणी हा रस्ता धरायला सांगितला यावरून भांडायला लागलो. अक्कांनी देवळामागची एक ओली फांदी आणली आणि चाकूनं तिची साल काढायला बसल्या. साल गेली, ओलं लाकूड गेलं, आतला कोरडा गाभा उरला. त्याच्या त्यांनी बारीक बारीक काटक्या केल्या. असं करत त्यांनी प्रत्येकाला वेगळा चहा करून दिला, एकेक मूठ. पहिल्याला मिळाला तेव्हा शेवटच्याची काटकी अजून ओलीच होती.

"अक्का, आपण अडकलोय," देसाईबाई म्हणाल्या.

"अडाकलो न्हाय. थांबलोय," अक्का म्हणाल्या. "पानी उतरलं की जाऊ. तू साल काढ."

तेव्हा मला हे फार ग्रेट वाटलं होतं. आता वाटतं, ज्याला उतरणारं पाणी समोर दिसतंय त्यालाच असं म्हणता येतं.

पुढं त्यांना दम लागायला लागला. आधी चढावर, मग जिन्यावर, मग बूट घालताना. फुप्फुसं आतून कडक होत जाण्याचा आजार निघाला. कशानं झाला, तर डॉक्टर म्हणाले नक्की सांगता येत नाही. लहानपणीची चूल असेल, कबुतरं असतील, नुसतं नशीबही असेल. दाजींनी त्यातलं एकच ऐकलं.

दाजी साखर कारखान्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. सरळ, घाबरट, मायाळू माणूस. उभ्या जन्मात डोंगर चढले नाहीत. आम्ही ट्रेकहून परतायचो तेव्हा ते गॅलरीत उभे असायचे आणि आमची गाडी दिसली की आत जाऊन बंब लावायचे. अक्कांच्या पायाला गरम पाणी हे त्यांचं गिर्यारोहण. रिपोर्ट आला त्या आठवड्यात त्यांनी माळ्यावरच्या सगळ्या चुली काढल्या, लहान-मोठ्या, पहिल्यावहिल्या, गंजलेल्या, आणि भंगारवाल्याला देऊन टाकल्या. अक्का दवाखान्यातून आल्या, माळ्याकडे बघितलं. एवढंच विचारलं, "चाकू बी दिलासा?" दाजींनी मान डोलावली.

मग घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. बेडरूमच्या कोपऱ्यात दिवसरात्र घरघरायचं. त्यातून निघालेली प्लॅस्टिकची नळी अक्कांच्या नाकापर्यंत, आणि त्या जातील तिकडे त्यांच्या मागोमाग. मशीनवाल्यानं बजावून ठेवलं होतं, ऑक्सिजनजवळ जाळ नको, भडका उडतो. झालं. दाजींनी देवापुढची निरांजनं उचलली, तिथं लाल बल्ब लावला. उदबत्ती बंद. गॅस पेटवायचा तो अक्का बेडरूममध्ये असताना, मधलं दार लावून. एका बाईला अख्खं आयुष्य जाळ पेटवता आला, आणि आता तिच्या घरात काडी ओढायची चोरी.

एक दिवस मी गेलो तेव्हा अक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या. ही त्यांची नेहमीची जागा झाली होती. तिथून ओटा दिसतो, पलीकडं गॅलरीचं काचेचं सरकतं दार आणि बाहेरचं आभाळ. मी म्हटलं, "बाहेर गॅलरीत बसा की, ऊन चांगलं आहे."

"नळी पुरत न्हाय."

"लांब मिळते की. आणतो मी."

अक्कांनी नळीतला गळ्यापाशी असलेला जोड बोटात धरून मला दाखवला. मशीनकडून येणाऱ्या नळीला तिथं कापल्याची तिरकी खूण होती. "लांबच आलती," त्या हळू आवाजात म्हणाल्या. दाजी आतल्या खोलीत होते. "मी झोपल्यावर कापली त्येनी. बरोब्बर उंबऱ्यापातुर. गॅसजवळ जाऊ ने म्हनून." मग थोडा दम घेतला. "त्येस्नी वाटतं मला म्हाईत न्हाय. तू बी बोलू नगंस."

"अहो पण अक्का..."

"शिंदे," त्या म्हणाल्या, "देवळात अडाकलो न्हवतो. आता अडाकलोय."

मला त्या वेळी दाजींचा राग आला. अजूनही थोडा आहे. पण त्यांच्या जागी मी काय केलं असतं हे मला सांगता येत नाही.

तेव्हापासून अक्कांनी एक गोष्ट डोक्यात घेतली. आपल्या हातानं एकदा चूल पेटवायची आणि पिठलं करायचं. डोंगर नको, गाडी नको, फोटो नकोत. गॅलरीच चालेल. दाजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जमनार न्हाय." अक्कांनी मग माझ्यावर काम सोपवलं. धूर अजिबात न करणारी चूल कर, ती गच्चीवर पेटव, दाजींना दाखव. मग ते न्हाय म्हणणार नाहीत, असा त्यांचा हिशेब.

मी डबे जमवले. भोकं पाडली. रविवारी सकाळी गच्चीवर पेटवायचो आणि अक्का खालून फोनवर विचारायच्या, "वरनं पेटवलास? निळा दिसतोय? आवाज ऐकीव." मी फोन डब्याजवळ धरायचो. त्या ऐकायच्या आणि सांगायच्या, "लई गच्च भरलाईस. दोन काड्या काढ." आणि खरंच, दोन काढल्या की जाळ मोकळा व्हायचा. चार-पाच रविवार असे गेले. अक्कांचा आवाज सुधारला होता असं मला वाटायचं. महाडिकही यायचा, काटक्या मोडून द्यायचा.

मग एका ढगाळ सकाळी वारा अजिबात नव्हता. आदल्या दिवशी शिंतोडे पडून गेले होते आणि माझ्या काटक्या नीट वाजत नव्हत्या, तरी मी पेटवल्या. धूर झाला. वर जायचा सोडून तो गच्चीच्या कठड्यावरून खाली उतरला आणि त्यांच्या गॅलरीत शिरला. फोनवर मला खोकला ऐकू आला. थांबेचना. मी जळता डबा पाण्याच्या बादलीत बुडवला तोवर दाजी वर आले होते, अनवाणी, बनियनवर. मी त्यांना कधी रागावलेलं बघितलं नव्हतं.

"तुमची असंल डोंगरावरची अक्का," ते म्हणाले. "माझी बायको हाय ती. मला एकच हाय." ते टाकीला टेकून बसले आणि बनियननं डोळे पुसले. "मला बी कुटं जाता येत न्हाय शिंदे. दूध आनाय गेलो तरी मशीनचा आवाज कानात असतो. लाईट गेली तर, ह्येच डोस्क्यात. तिला नळी दिसती. माझी कुनाला दिसत न्हाय."

मी डबे उचलून माझ्या घरात नेऊन ठेवले. त्यानंतर गच्चीवर काही पेटवलं नाही.

अक्का भांडल्या नाहीत, हेच वाईट. त्या गप्प झाल्या. आडनावानं हाका मारायचं बंद केलं. मी गेलो की "ये" म्हणायच्या आणि काचेतून आभाळाकडे बघत बसायच्या. दाजी त्यांच्या आवडीचं काय काय करून आणायचे, मधलं दार लावून रांधलेलं. त्या दोन घास खायच्या आणि ताट सरकवायच्या. महाडिक एकदा घरचा रस्सा घेऊन आला, त्यातलंही काही घेतलं नाही. असे दोनेक महिने गेले.

मग थंडीत एका दुपारी दाजींचाच फोन आला. "येताना दोन मुठी काटक्या आना. वाजनाऱ्या."

दारात त्यांनी सवयीनं खिसे बघितले. काटक्या बघून बाजूला झाले. गॅलरीत एक नवीकोरी चूल होती. भोकं वाकडीतिकडी, एक मोठं एक बारीक, आतला डबा थोडा कललेला. दाजींच्या दोन बोटांना पट्ट्या होत्या. ते डॉक्टरांना विचारून आले होते. शांत बसून थोडा वेळ नळीशिवाय चालेल, बोटाला लावलेल्या ऑक्सिजनच्या मीटरवर आकडा खाली येऊ द्यायचा नाही, आणि नळी काढल्यावर लगेच जाळापाशी जायचं नाही, कपड्यांत ऑक्सिजन राहतो. दाजींनी हे सगळं मला दोनदा सांगितलं. मग मशीन बंद केलं. इतके महिने चाललेली घरघर थांबली तेव्हा घर एकदम परकं वाटलं. अक्कांनी नाकातली नळी काढून खुर्चीवर ठेवली. दाजींनी वर्तमानपत्र घेतलं आणि त्यांच्या पदराला, पाठीला, निऱ्यांना वारा घालायला लागले, पुढून, मागून, पुन्हा पुढून.

"पुरं की आता. नवरीगत मिरवालाय मला," अक्का म्हणाल्या. कित्येक दिवसांनी त्यांच्या तोंडून काही ऐकलं.

दाजींनी दंडाला धरून त्यांना उंबरा ओलांडायला लावला. ओट्यापुढून, दारातून, गॅलरीत. पाटावर बसायलाच त्यांना एवढा दम लागला की मला वाटलं आता परतावं. पण त्यांनी डबा हातात घेऊन फिरवून बघितला. वाकड्या भोकांवरून अंगठा फिरवला. "कुनी केली ही?"

"मी," दाजी म्हणाले.

"हवा घील," अक्का म्हणाल्या. त्यांच्याकडून ही शाबासकी होती, आम्हाला ती कधी मिळालेली नव्हती.

एकेक काटकी कानाशी धरून त्यांनी मोडली. रचली. दाजींनी काडेपेटी पुढं केली, अक्कांनी काडी ओढली. वरून पेटवलं. थोडा धूर निघाला, दाजी पुढं झाले, अक्कांनी हातानंच त्यांना थांबवलं, आणि धूर निवला. आत निळा जाळ उतरला. पाणी ठेवलं. अक्का गुडघ्यावर हनुवटी टेकवून त्या डब्यात बघत बसल्या. तोंड उघडं, खांदे वरखाली होत होते, आणि डोळे मात्र अगदी सामानगडावरचे. मी जेलच्या भिंतीकडे बघत उभा राहिलो.

पाण्याला उकळी आली. त्यांनी पुडी सोडली आणि ढवळायला लागल्या. तेवढ्यात मीटर वाजलं. ओठांच्या कडा निळसर दिसायला लागल्या होत्या. अक्कांनीच चमचा दाजींच्या हातात दिला. "ढवळ," म्हणाल्या. जन्मभर 'अहो'तले दाजी, त्यांना त्या एकेरी बोलल्याचं मी तेवढंच ऐकलं.

मी अक्कांना धरून उंबऱ्यातल्या खुर्चीवर आणलं. गॅलरीचं काचेचं दार घट्ट लावलं, मशीन सुरू केलं, नळी लावली. काचेपलीकडे दाजी पाटावर बसले होते, दोन्ही पाय पुढं पसरून, कारण त्यांना मांडी घालता येत नाही. अक्का त्यांच्याकडे बघत होत्या आणि बसल्या जागेवरून बोटानं खुणा करत होत्या, गोल, सावकाश, तळापासनं. दाजी तसं करायचे आणि लगेच वर बघायचे. मग अक्कांचं बोट मांडीवर टेकलं. मान खुर्चीच्या पाठीला लागली. मी घाबरून मीटर बघितलं. आकडा हळूहळू वर येत होता. त्या दमल्या होत्या, झोप लागली होती. चेहरा निवांत होता.

त्या दुपारनंतर मी अक्कांना पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसच्या कामाला बाहेरगावी गेलो आणि परतलो तेव्हा दारात चपलांची गर्दी होती.

पण ती दुपार अजून संपली नव्हती. दुसरी मूठ जळून गेली होती. पिठलं कधीच झालं असणार, आटूनही गेलं असणार, करपल्याचा वास दाराच्या फटीतून यायला लागला होता. दाजींनी काचेतून अक्कांकडे बघितलं, भुवया उंचावून विचारलं, 'बास?' अक्का झोपलेल्या. दाजींनी माझ्याकडे बघितलं. 'बास' म्हणायचं ते अक्कांनी, मी म्हणण्यासारखं नव्हतं. त्यांनी मान खाली घातली आणि राखेवरच्या त्या भांड्यात, गोल, सावकाश, तळापासून, पुन्हा ढवळायला लागले.